सहमतीने घटस्फोट घेताय? कोर्टात जायच्या आधी काय करायचं, कोर्टात काय होतं आणि डिक्री (कोर्टाचा घटस्फोटाचा आदेश) मिळाल्यावर काय उरतं

"आमचं दोघांचं ठरलंय, वाद काहीच नाही, फक्त कोर्टाचा शिक्का हवाय." असं म्हणणारी जोडपीच सगळ्यात जास्त अडकतात असं माझं मत झालंय. वाद नाही ना, मग लिहून कशाला ठेवायचं, बघू पुढे, वकील करतील काय ते, असं करत करत याचिका दाखल होते आणि सहा महिन्यांनी शेवटच्या तारखेला कळतं की दागिन्यांची यादीच नाही, फ्लॅटच्या लोनचं काय ते बँकेला कुणी विचारलंच नाही, आणि पोलीस स्टेशनची केस अजून तशीच चालू आहे. मग तिथे कॉरिडॉरमध्ये भांडण सुरू होतं, जे वर्षापूर्वी घरात होऊन मिटलं असतं.

हा लेख हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १३-ब बद्दल आहे, म्हणजे परस्पर संमतीने घटस्फोट. हिंदू, बौद्ध, जैन, शीख सगळे यात येतात. रजिस्टर पद्धतीने, म्हणजे विशेष विवाह कायदा १९५४ खाली लग्न झालं असेल तर कलम २८ लागतं, पायऱ्या जवळपास याच. मुस्लिम आणि ख्रिश्चन जोडप्यांचे कायदे वेगळे आहेत, त्यांनी हे वाचून तारखा मोजू नयेत. आणि प्रत्येकाच्या केसमध्ये काहीतरी वेगळं असतंच, त्यामुळे वकील लागणारच, पण वकिलाकडे जाताना आपल्याला काय विचारायचंय ते तरी माहीत पाहिजे.

## पायरी १: आधी बघा, आत्ता अर्ज करता येतो का

तीन गोष्टी एकत्र लागतात. एक वर्ष किंवा जास्त काळ वेगळे राहत असणं, एकत्र नांदणं शक्य न होणं, आणि लग्न संपवायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं असणं. यातल्या पहिल्यातच लोक चुकतात. वर्ष मोजायचं ते वेगळे झाल्यापासून, लग्न झाल्यापासून नाही. लग्नाला चार वर्षं झाली पण बायको माहेरी गेली त्याला सातच महिने झाले, तर अजून पाच महिने थांबा.

आता वेगळे म्हणजे काय? सुप्रीम कोर्टाने १९९१ च्या सुरेश्ता देवी केसमध्ये सांगितलंय की एका छपराखाली राहूनही वेगळे असू शकता, नवरा-बायको म्हणून नातं राहिलं नसेल तर. घर सोडणं परवडत नाही म्हणून एकाच वन बीएचकेत दोन खोल्यांत राहणारी जोडपी असतात, त्यांना हे लागू होतं. पण मग याचिकेत ते स्पष्ट लिहायचं, लपवायचं नाही, कारण दोघांच्या आधारवर एकच पत्ता दिसला की प्रश्न येणारच.

वेगळं झाल्याची तारीख एकदा ठरवा आणि ती सगळीकडे तीच ठेवा. हे फार महत्त्वाचं आहे. आधी कधी महिला कक्षात तक्रार दिली असेल, घरगुती हिंसाचाराचा अर्ज केला असेल, पोटगी मागितली असेल, तर त्यात कुठली तारीख लिहिलीय ते काढून बघा. एका कागदात "मार्चमध्ये घराबाहेर काढलं" आणि दुसऱ्यात "जानेवारीपासून विभक्त" असं असेल तर त्याचा खुलासा याचिकेतच करून टाका.

सावधान: स्टॅम्प पेपरवर "आम्ही आजपासून विभक्त झालो" लिहून नोटरी केली म्हणजे घटस्फोट झाला, हे साफ चूक. काही समाजांत रूढीने काडीमोड चालतो आणि कायद्याने त्याला जागाही ठेवलीय, पण ती रूढी वेळ आली तर कोर्टात सिद्ध करावी लागते. बाकी सगळ्यांसाठी त्या कागदाची किंमत वेगळं राहत असल्याचा एक पुरावा, एवढीच. त्याच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्याने टिकत नाही आणि वर फौजदारी गुन्हाही होतो.

कुठल्या कोर्टात? लग्न जिथे लागलं, शेवटचं एकत्र जिथे राहिलात, किंवा बायको सध्या जिथे राहते, यापैकी कुठेही. मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी फॅमिली कोर्ट म्हणजे कौटुंबिक न्यायालय आहे, जिथे नाही तिथे दिवाणी न्यायालयात जावं लागतं. दोघांना तारखेला यायला सोपं पडेल ते निवडा. एक पुण्यात आणि एक नागपुरात असेल तर हा निर्णय पाच मिनिटांत घेऊ नका, कारण पुढचे सगळे हेलपाटे यावर ठरणार.

## पायरी २: कागद गोळा करा, भांडण नसतानाच

लग्नाचा दाखला असेल तर उत्तम. नसेल तर अडत नाही, लग्नपत्रिका, दोघांचा लग्नातला फोटो आणि शपथपत्र यावर काम होतं. दोघांचं आधार, पॅन, राहत्या पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट साइज फोटो. मुलं असतील तर जन्मदाखले. घर असेल तर इंडेक्स टू (घराच्या नोंदणीचा उतारा) आणि लोनचं ताजं स्टेटमेंट. आणि आत्तापर्यंत एकमेकांवर जे काही दाखल झालंय त्या प्रत्येकाचा नंबर, कोर्ट, आणि आत्ता ती केस कुठल्या टप्प्यावर आहे ते.

नावाचा घोळ इथेच सोडवून टाका. बायकोचं माहेरचं नाव आधारवर, सासरचं नाव बँकेत, आणि लग्नाच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग, हे अगदी कॉमन आहे. याचिकेच्या मथळ्यातच दोन्ही नावं "उर्फ" लावून घ्यायला सांगा. कारण डिक्रीवर जे नाव छापून येतं तेच पुढे पासपोर्ट, बँक, पीएफ सगळीकडे दाखवायचंय, आणि डिक्रीतली चूक दुरुस्त करायला परत अर्ज, परत तारीख.

तपासा: मूळ कागद कुणाकडे आहेत? बायकोचे डिग्री सर्टिफिकेट सासरच्या कपाटात आणि नवऱ्याची एफडीची पावती बायकोच्या लॉकरमध्ये असं असेल तर ती देवाणघेवाण आत्ताच करा, आणि मिळाल्याची सही घ्या.

## पायरी ३: कन्सेंट टर्म्स (सगळा खेळ इथे आहे)

कन्सेंट टर्म्स म्हणजे दोघांत काय ठरलं त्याचा लेखी मसुदा, याचिकेला जोडला जातो आणि डिक्रीचा भाग होतो. याला लोक एक तास देतात, मी म्हणेन एक महिना द्या. दोघांसाठी एकच वकील असला तरी चालतं, पैसे वाचतात, पण मग टर्म्सचा ड्राफ्ट सही करायच्या आधी प्रत्येकाने आपल्या आपल्या ओळखीच्या दुसऱ्या वकिलाकडून एकदा वाचून घ्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, महिलांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, १५१०० ही त्यांची हेल्पलाइन आहे.

पैसे. वाईट कलम कसं असतं बघा: "पती पत्नीला ठरलेली रक्कम वेळोवेळी अदा करील." किती, कधी, कशी, काहीच नाही. याऐवजी असं पाहिजे: "पती पत्नीस कायमस्वरूपी पोटगीपोटी एकूण रु. १२,००,००० देईल. पैकी ४ लाख याचिका दाखल करतेवेळी, ४ लाख फौजदारी केस रद्द करण्यासाठी पत्नीने शपथपत्र करून देतेवेळी, व उर्वरित ४ लाख अंतिम जबाबाच्या दिवशी न्यायालयासमोर डिमांड ड्राफ्टने." आकडे उदाहरणाचे आहेत, पण ढाचा बघा. प्रत्येक हप्ता एका कामाला बांधलाय. सगळे पैसे आधी दिले तर देणाऱ्याचा जीव टांगणीला, सगळे डिक्रीनंतर ठेवले तर घेणारीचा. वाटून घेतले की दोघांनाही शेवटपर्यंत यायचं कारण उरतं.

पुढच्या तारखांचे चेक घेऊ नका. बाउन्स झाला की वेगळी केस, वेगळं कोर्ट. डीडीच बरा, फक्त डीडी तीन महिनेच चालतो हे लक्षात ठेवा, तारीख पुढे ढकलली गेली आणि जुना डीडी तसाच फायलीत राहिला की त्या दिवशी पंचाईत होते.

एकरकमी की महिन्याला? जिथे सगळे संबंध तोडायचेत तिथे एकरकमी बरी. महिन्याची पोटगी ठरली तर दरवर्षी किती वाढणार, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात, आणि दुसरं लग्न केलं तर बंद होणार का, हे सगळं लिहा. बायकोने स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क आईला मुलाच्या वतीने सोडून देता येत नाही, त्यामुळे "मुलासाठी काही मागणार नाही" असलं कलम असेल तर न्यायाधीश त्यावर बोट ठेवतील अशीच शक्यता जास्त.

दागिने आणि सामान. स्त्रीधन बायकोचंच असतं, त्यावर तिचाच हक्क, यात वाटाघाटीचा प्रश्न नाही. घोळ होतो तो यादीत. "सर्व दागिने परत केले" असं एक वाक्य लिहून मोकळे होतात आणि मग तिचं म्हणणं पाटल्या राहिल्या, त्याचं म्हणणं पाटल्या नव्हत्याच. वस्तूचं नाव, अंदाजे वजन, फोटो, कुणाच्या ताब्यात आहे आणि कधी देणार, असा तक्ता करा आणि परिशिष्ट म्हणून जोडा, दोघांच्या सह्या प्रत्येक पानावर. जॉइंट लॉकर असेल तर दोघांनी एकत्र जाऊन उघडा, रिकामा करा, बंद करून टाका.

घर. इथे कोर्टापेक्षा बँक मोठी. घर बायकोच्या नावावर करायचं ठरलं पण होम लोनवर नवरा सहकर्जदार आहे, तर डिक्रीमुळे त्याचं नाव लोनमधून निघत नाही. बँकेने त्या करारावर सही केलेली नसते ना, तिला तुमच्या टर्म्स बंधनकारक कशा असतील? बँकेत आधी जाऊन लेखी विचारा, एकटीच्या पगारावर लोन चालू ठेवतील का. नाही म्हटलं तर घर विकून वाटणी, हा पर्याय टर्म्समध्ये तारखेसकट लिहा. आणि हस्तांतरणाचा दस्त वेगळा नोंदवावा लागतो. महाराष्ट्रात नवरा-बायकोत राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे, पण ती नवरा-बायको असतानाची. म्हणून दस्त डिक्रीच्या आधी करायचा की नंतर हे वकिलाला आणि रजिस्ट्रेशन करून देणाऱ्याला आधीच विचारा, नंतर विचारून उपयोग नाही.

मुलं. "वडिलांना मुलाला भेटता येईल" हे वाक्य म्हणजे भांडणाला आमंत्रण. कुठल्या वारी, किती ते किती, आणायचं कुणी, सोडायचं कुणी, मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी कशी, दिवाळी यंदा कुणाकडे आणि पुढच्या वर्षी कुणाकडे, व्हिडिओ कॉल कधी, शाळेची फी कोण भरणार, आजारपणाचा मोठा खर्च कसा वाटणार, पासपोर्ट काढायचा तर दुसऱ्याने सही किती दिवसांत करायची. वाचायला कंटाळा येतो मान्य, पण या प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी दारात उभं राहून झालेलं भांडण आहे. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असतं. आणि ताब्याबद्दल आज ठरलेलं कायमचं दगडावरची रेघ नसतं, मुलाचं हित बघून कोर्ट नंतर बदलू शकतं, दोघांनी हे समजून सही करा.

तपासा: टर्म्स तिसऱ्या माणसाला वाचायला द्या, ज्याला तुमच्याबद्दल काही माहीत नाही. त्याला प्रत्येक कलमात "कोण, काय, किती, कधी" कळलं तर ठीक. एक जरी "ठरल्याप्रमाणे" शिल्लक असेल तर काढा. आणि कोऱ्या कागदावर सही करायची नाही, वकील कितीही घरचे असले तरी.

## पायरी ४: चालू केसेस कुठल्या क्रमाने बंद करायच्या

सगळ्या केसेस "मागे घेऊ" असं टर्म्समध्ये लिहिलं जातं, पण प्रत्येक केस मागे घ्यायची पद्धत वेगळी आहे.

पोटगीचा अर्ज, घरगुती हिंसाचाराचा अर्ज, हे ज्याने केले त्याला त्या त्या कोर्टात पुरशिस (लेखी निवेदन) देऊन काढून घेता येतात. पण ४९८-अ, म्हणजे सासरच्या छळाची फौजदारी केस (१ जुलै २०२४ नंतरच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५), ही बायकोने "मला तक्रार नाही" म्हटलं म्हणून बंद होत नाही. ती सरकार विरुद्ध आरोपी अशी असते. ती रद्द करायला हायकोर्टात अर्ज करावा लागतो, त्यात बायकोचं संमतीचं शपथपत्र लागतं, आणि नवऱ्याबरोबर सासू, नणंद, दीर जे कोणी आरोपी असतील त्या सगळ्यांची नावं त्यात आली पाहिजेत. एकाचं नाव राहिलं तर त्या एकासाठी केस चालूच राहते.

म्हणून टर्म्समध्ये लिहायचं: हायकोर्टातला अर्ज कोण करणार, खर्च कुणाचा, बायको शपथपत्र कधी देणार आणि हजर कधी राहणार. आणि यालाच पैशाचा मधला हप्ता बांधायचा, वर सांगितलं तसा.

सावधान: "आधी डिक्री होऊ दे मग बघू" हे दोन्ही बाजूंना महागात पडतं. डिक्री झाल्यावर सही करायला माणूस सापडत नाही, परदेशी गेलेला असतो, नवीन संसारात असतो, किंवा नुसताच चिडलेला असतो.

## पायरी ५: याचिका दाखल करणं

याचिका दोघांची मिळून एकच असते, दोघंही अर्जदार. फॅमिली कोर्टात याचिकेच्या नंबरआधी एक अक्षर असतं, सहमतीच्या याचिकेला "एफ", भांडून मागितलेल्या घटस्फोटाला "ए". नंबर मिळाला की तो आणि सीएनआर नंबर, सोळा अक्षरी असतो, दोन्ही फोनमध्ये सेव्ह करा. ई-कोर्ट्स ॲपमध्ये सीएनआर टाकला की पुढची तारीख आणि त्या दिवशी काय झालं ते दिसतं, वकिलाला दर आठवड्याला फोन करायची गरज राहत नाही.

फॅमिली कोर्टात वकील लावणं हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते, म्हणून वकीलपत्राबरोबर तसा अर्ज दिला जातो. घाबरू नका, हे नेहमीचं आहे. पण याचा एक अर्थ असाही आहे की न्यायाधीश तुमच्याशी थेट बोलणार, वकिलाच्या मागे लपता येणार नाही.

दाखल करायच्या दिवशी दोघांनी मूळ ओळखपत्रं घेऊन हजर राहायचं. अर्धा दिवस नाही, अख्खा दिवस सुट्टी काढा. एक जण परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र, आणि पुढच्या टप्प्यावर कोर्टाच्या परवानगीने व्हिडिओ कॉलवर जबाब, असं करता येतं, पण त्याची तयारी आधी लागते, मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय दूतावासातून साक्षांकित होऊन यायलाच वेळ जातो.

## पायरी ६: सहा महिने, आणि ते टाळायचे असतील तर

याचिका दाखल झाल्यापासून कायद्याने किमान सहा महिने थांबायचं असतं. आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी परत येऊन "आम्ही ठाम आहोत" सांगायचं. लोकांना सहा महिन्यांचं माहीत असतं, अठराचं माहीतच नसतं. नोकरी, आजारपण, तारखा विसरणं, असं करत मुदत गेली की मग ती याचिका वाचवायची धडपड सुरू होते किंवा सगळं पहिल्यापासून.

सहा महिने माफ होतात का? होतात, पण आपोआप नाही. सुप्रीम कोर्टाने २०१७ च्या अमरदीप सिंग केसमध्ये सांगितलं की कोर्ट हा काळ माफ करू शकतं. ढोबळ अटी अशा: याचिका दाखल करायच्या आधीच दीड वर्ष वेगळे राहत असणं, समेटाचे प्रयत्न फसलेले असणं, पोटगी, मुलं, बाकी सगळ्याचा खरोखर निकाल लागलेला असणं, आणि थांबवून फक्त त्रासच वाढणार असणं. अर्ज याचिका दाखल झाल्यावर आठवड्याने करता येतो. वेगळं राहत असल्याचे पुरावे जोडा, भाडेकरार, कंपनीचं बदलीचं पत्र, जुनी तक्रार, जे असेल ते. चौदा महिने वेगळे असताना "आमचा वकील करून देईल माफ" म्हणून दुसऱ्या लग्नाचा हॉल बुक करणारे असतात, त्यांच्याबद्दल काय बोलणार.

याच काळात विवाह समुपदेशकाकडे पाठवतात. बरेच जण याला उगाच वेळ घालवणं समजतात आणि तिथे फटकून वागतात. समुपदेशकांचं काम तुम्हाला ओढून एकत्र आणणं नाही. दोघं खरंच स्वतःच्या मर्जीने आलेत का, टर्म्स दोघांना कळल्यात का, हे त्या बघतात आणि तसा रिपोर्ट देतात. त्यांच्यासमोर कुणी "मला दागिने मिळालेच नाहीत" म्हणालं की केस तिथेच अडते. एकट्या एकट्याशीही बोलतात, तेव्हा दबाव असेल तर सांगायची ती जागा आहे, मनातलं तिथे बोला.

तपासा: या सहा महिन्यांत टर्म्समधली कुठली कामं व्हायची होती? सामान, लॉकर, बँकेचं पत्र, हायकोर्टातला अर्ज. पाच महिने झाले की यादी घेऊन बसा आणि टिक करा. पुढच्या तारखेच्या आदल्या रात्री नको.

## पायरी ७: शेवटची तारीख

सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसची यादी लागते, त्यात आपला नंबर बघा. पुकारा झाला आणि तुम्ही खाली कॅन्टीनला असाल तर पुढची तारीख मिळते, म्हणून एकाने तरी दाराशी थांबा. कामकाज बंद दाराआड चालतं, नातेवाइकांना आत यायची गरज नाही, खरं सांगायचं तर आणूच नका, दोन्हीकडचे मामा कॉरिडॉरमध्ये समोरासमोर आले की झालेला समेटही मोडतो.

दोघांची शपथपत्रं दाखल होतात, मग न्यायाधीश दोघांना विचारतात. प्रश्न साधे असतात. लग्न कधी झालं, कधीपासून वेगळे राहता, एकत्र यायची काही शक्यता आहे का, सही कुणाच्या दबावाखाली केली का, टर्म्स वाचल्यात का, पैसे मिळाले का, मुलं कुणाकडे. उत्तरं तेवढीच द्या. "हो साहेब, पण त्याच्या आईने..." असं सुरू केलं की न्यायाधीशांना वाटणार अजून वाद आहे, आणि त्यांचं चूक नाही. संमती बळजबरीची किंवा फसवणुकीची नाही याची खात्री करणं कायद्यानेच त्यांच्यावर टाकलंय.

डीडी समोर दिला जातो, नंबर नोंदवला जातो. डीडीची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवा. सगळं नीट असेल तर त्याच दिवशी किंवा थोड्या दिवसांत आदेश होतो.

एक जण फिरला तर? संमती शेवटपर्यंत टिकावी लागते. डिक्री व्हायच्या आधी कुणीही मागे घेऊ शकतं, आणि एक जण नुसता आलाच नाही तर "आधी हो म्हटलं होतं" म्हणून कोर्ट एकट्याच्या म्हणण्यावर डिक्री देत नाही. म्हणून तर हप्ते वाटायचे. मध्यस्थी केंद्रात किंवा कोर्टासमोर लेखी हमी दिलेली असेल, पैसे घेतलेले असतील, तर फिरणाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागू शकतो, पण जबरदस्तीने संमती काढता येत नाही.

मग उरतो कलम १३ चा रस्ता: क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार वगैरे कारण सिद्ध करून. तिथला क्रम असा की याचिका, समन्स, समोरच्याची कैफियत (लेखी उत्तर), मधल्या काळाची पोटगी, मुद्दे काढणं, पुरावा, उलटतपास, युक्तिवाद, निकाल. वर्षांचं काम आहे. त्यात "आमचं पटत नाही, आता काही उरलं नाही" हे कारण चालत नाही. नातं पूर्ण मोडलंय एवढ्यावर घटस्फोट द्यायचा अधिकार सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये राज्यघटनेच्या कलम १४२ खाली स्वतःकडे असल्याचं सांगितलंय, तुमच्या शहरातल्या कोर्टाकडे तो नाही. बातमी वाचून वकिलाशी वाद घालू नका. एक चांगली बाजू आहे, भांडणाची केस चालू असताना मध्येच दोघांचं जमलं तर तीच सहमतीत बदलून घेता येते, पुष्कळ केसेस अशाच संपतात.

## पायरी ८: डिक्रीनंतरची कामं

निकाल लागला म्हणून फोन आला की लोक मोबाईलवरचा फोटो बघून खूश होतात. तो कागद कुठेच चालत नाही. नक्कल विभागात अर्ज करून डिक्रीची आणि निकालाची प्रमाणित प्रत घ्या, कन्सेंट टर्म्स जोडल्यात का बघा, आणि एक नाही, तीन-चार प्रती एकदमच मागा. बँक एक ठेवून घेते, पासपोर्टला दाखवायला एक लागते, आणि पाच वर्षांनी परत नक्कल काढायची म्हणजे रेकॉर्ड रूमच्या वाऱ्या. हातात आल्या आल्या तिथेच उभं राहून नाव, लग्नाची तारीख, रक्कम वाचा.

दुसरं लग्न कधी करता येतं? अपिलाची मुदत संपल्यावर किंवा अपिलाचा हक्कच नसेल तर. भांडून मिळालेल्या, विशेषतः समोरचा गैरहजर असताना मिळालेल्या डिक्रीला हे फार जपून बघा, हिंदू विवाह कायद्यात अपिलाला नव्वद दिवस आहेत. सहमतीच्या डिक्रीवर फॅमिली कोर्ट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अपील होत नाही, तरी हॉलचा ॲडव्हान्स भरायच्या आधी वकिलाकडून तुमच्या केसपुरतं लिहून घ्या.

नॉमिनी आपोआप बदलत नाही. पीएफ, विमा, बँक खाती, म्युच्युअल फंड, डीमॅट, सोसायटीचा नॉमिनेशन फॉर्म, प्रत्येक ठिकाणी जाऊन बदलावं लागतं. मृत्युपत्र केलं असेल तर नवीन करा. ऑफिसच्या मेडिक्लेममधून जोडीदाराचं नाव कधी निघणार ते एचआरला विचारा आणि त्या जोडीदाराला आधी कळवा, मधल्या काळात विमा नसताना आजारी पडलं तर वाईट.

जॉइंट खातं आणि ॲड-ऑन क्रेडिट कार्ड दोन्ही बंद करून त्याचं लेखी पत्र घ्या. युपीआयमध्ये, ओटीटीमध्ये, गॅसच्या कनेक्शनमध्ये कुणाचा नंबर आहे तेही बघा, बँकेचे ओटीपी अजून जुन्या माणसाच्या फोनवर जाताहेत असं कळायला उशीर होतो. मुलांच्या शाळेत डिक्रीतलं ताब्याचं पान आणि न्यायला येऊ शकणाऱ्यांची नावं लेखी द्या, दोघांच्या सहीने दिलं तर शाळा लगेच ऐकते.